स्वप्नात बाप पाणी मागतो

॥ रामकृष्ण हरि ॥

धुळ्याच्या बाजूला पांझरेकाठी एका गावी आम्ही सप्ताहाला गेलो होतो. रात्रीचे कीर्तन आटोपले, टाळकरी मंडळी पांगली. तरी पन्नाशीचा एक शेतकरी मंडपाच्या खांबाशी घुटमळत राहिला. जवळ बोलावले तेव्हा आपल्या अहिराणीत म्हणाला, "महाराज, मना बाप सपनमा येस. पानी मांगस. मी देवाले जास, पन हात उचलत नही."

बाप जाऊन तीन वर्षे झाली होती. कोणा भगताने त्याला सांगितले होते, पितर तहानलेले आहेत, मोठा विधी करावा लागेल. त्यासाठी दुभती म्हैस विकायची तयारी चालली होती.

आम्ही म्हटले, "आप्पा, विधीचे मागाहून पाहू. आधी हे सांगा, स्वप्नात बाबांच्या अंगावर काय असते?"

जरा आठवून तो म्हणाला, "निळा सदरा."

"बाबा निळा सदरा घालीत होते का?"

"नही. जलमभर पांढरा."

"मग घरात निळा कोण घालतो?"

आता मात्र तो गप्प झाला. खाली बघत राहिला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "धाकला भाऊ."

मग सारे बाहेर आले. वाटणीत विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली होती. परंतु आठवड्यातून दोन दिवस पाण्याची पाळी धाकट्याची, असा शब्द याने बापाच्या उशाशी बसून दिला होता. पाऊस कमी झाला त्या वर्षी याने मोटारीच्या खोलीला कुलूप घातले. धाकट्याचा कांदा डोळ्यांदेखत वाळला. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि बाप स्वप्नात पाणी मागतो!

श्रोतेहो, आम्ही काही मानसशास्त्रज्ञ नव्हे. आम्ही साधे माळकरी. परंतु त्या शास्त्रातील दोन गोष्टी वाचल्या होत्या, त्या त्या रात्री कामाला आल्या. व्हिएन्ना शहरी सिग्मंड फ्रॉइड नावाचा वैद्य होऊन गेला. स्वप्नांचा अर्थ लावणारा त्याचा ग्रंथ १९०० साल छापलेला आहे. तो म्हणतो, मनाचा थोडाच भाग जाणिवेत असतो. मोठा भाग नेणिवेत बुडालेला असतो. जे आपणास नको असते, लाजेचे किंवा दुःखाचे असते, ते आपण खाली दडपतो. दडपले म्हणून ते मरत नाही. दिवसा मनाच्या दाराशी पहारेकरी असतो. रात्री त्याला डुलकी लागते, आणि खालचे वर येते. पण येते ते वेष पालटून. दोन माणसे एका देहात मिसळतात. जे एकाचे, ते दुसऱ्याच्या अंगावर दिसते. बापाच्या अंगावर भावाचा सदरा, तो असा!

गंमत पाहा, फ्रॉइडलाही बापानेच शिकवले. १८९६ साली त्याचे वडील वारले. अंत्यविधीच्या त्या दिवसांत त्याला स्वप्न पडले, त्यात डोळे मिटण्याची विनंती करणारी पाटी दिसली. विधी साधेपणाने केला म्हणून घरची मंडळी नाराज होती. मागे राहिलेल्यांच्या मनात स्वतःवरचा जो ठपका असतो, तो त्या पाटीत त्याने ओळखला. सारा ग्रंथ हा आपल्या पितृवियोगातून आला, असेही त्याने पुढे कबूल केले. हे शास्त्र आपल्या देशात परके राहिले नाही. गिरींद्रशेखर बसू यांनी १९२२ साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था काढली.

कोणी विचारील, हा फ्रॉइड तर देवधर्माला भ्रम म्हणणारा. त्याचे नाव सप्ताहात कशाला? बाबांनो, वैद्याचे निदान घ्यावे. त्याच्या घरी जेवायला गेलेच पाहिजे असे नाही.

आता आपल्या घरचे स्वप्न पाहू. तुकोबारायांना गुरूचा अनुग्रह स्वप्नात झाला, हे बाबाजी चैतन्यांचे आख्यान वारकऱ्याच्या पोराला पाठ असते. गुरूंनी मस्तकी हात ठेवला, आपली परंपरा सांगितली, 'रामकृष्ण हरि' हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. पण त्यातली एक बारीक गोष्ट आपण भरकन ओलांडतो. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि ते देण्याचा विसर पडला, असे महाराज स्वतः सांगतात. दुष्काळात ज्याचा व्यापार बुडाला, ज्याची पहिली बायको अन्नावाचून गेली, त्या गृहस्थाला स्वप्नातही पाहुण्याच्या पानात तूप वाढायचे राहिल्याची रुखरुख लागावी! एखादा मनोविश्लेषक इथेच बोट ठेवील. आणि ठेवले तर आम्हाला राग नाही. कारण महाराज आणखी सांगतात की, माझ्या मनीचा भाव जाणून, माझ्या आवडीचाच मंत्र गुरूंनी दिला. म्हणजे बीज आत होतेच. स्वप्नात त्याला अंकुर फुटला.

इथे आपली वाट थोडी पुढे जाते. ते शास्त्र सांगते, नेणिवेत काय दडपले आहे ते उकरून पाहा. संत सांगतात, पाहा, आणि तिथे पेरतही जा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबा हेच समजावतात : दिवसभरातल्या असंख्य क्रिया विसरून जातात, मागे उरतो तो संस्कार. तेव्हा शुभ संस्कारांचा साठा करावा. तुकोबांनी नाम पेरले होते, म्हणून स्वप्नात नाम उगवले. आमच्या आप्पाने कुलूप पेरले होते. त्याला तहान उगवली.

मुक्ताईच्या पालखीबरोबर चालताना मुक्कामावर स्वप्नांच्या गोष्टी हमखास निघतात. कोणी सांगतो, देव आला नि अमुक म्हणाला. खरे किती, खोटे किती, कसे ओळखावे? आमच्यापुरती एक कसोटी आम्ही धरली आहे. जागे झाल्यावर ते स्वप्न बोट कुणाकडे दाखवते? शेजाऱ्याने करणी केली, सुनेचा पायगुण वाईट, असा अर्थ निघाला, तर समजावे की पहारेकरी अजून फसवतो आहे. अर्थ सांगणारा पैसे मागू लागला, तर तिथून उठावे. बोट आपल्याच छातीकडे वळले, तर मात्र ऐकावे. आणि भीतीने रात्रीमागून रात्री झोपच उडाली, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली? ताप आला तर जातोच ना?

त्या रात्री आम्ही आप्पाला एवढेच म्हटले, "बापाला पाणी कुठे पोचवायचे, ते तुम्हाला कळले आहे." त्याने कोपरीच्या खिशातून किल्ली काढली, हातात फिरवीत बसला. उत्तर काही दिले नाही.

पुढच्या वर्षी त्याच मंडपात काकड्याला दोघे भाऊ टाळ घेऊन शेजारी उभे होते. म्हैसही गोठ्यात होती म्हणे. स्वप्न अजून पडते का, हे आम्ही विचारले नाही. विचारायची गरज वाटली नाही.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥