दुसरी वाट

धान्य साठवण्यासाठी आपल्याकडे पूर्वी पेवे असत. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, आणि वर एकच अरुंद तोंड. तोंड अरुंद असणे हाच त्याचा गुण. ज्वारीला बाहेर पडायची घाई नसते. तिला ओल, उंदीर आणि चोर यांच्यापासून जपायचे असते. परंतु धान्यही श्वास घेते. बंद पेवातला प्राणवायू ते वापरून टाकते आणि जड कर्बवायू तळाशी साचतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तोंड काही काळ उघडे ठेवीत, मग जळता दिवा दोरीने आत सोडीत. दिवा विझला तर उतरायचे नाही. धान्याला जी जागा उत्तम, ती माणसाचा जीव घेऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते.

ह्या भेदाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती भाच्यामुळे. तो न्यू जर्सीत असतो. घरात वरच्या खोल्या कमी पडतात, म्हणून आईसाठी तळघरात खोली करायचे त्याने ठरवले. परंतु त्यासाठी पायाची भिंत कापून, बाहेरची माती उकरून, संकटात बाहेर पडता येईल अशी खिडकी बसवावी लागते. खर्चाचा आकडा ऐकून आर्वीची आमची ताई चमकली. "अरे, मी सहा महिन्यांची पाहुणी. जिना आहे ना? आणि ज्याची वेळ भरली त्याला तुझी खिडकी काय वाचवणार?" एवढे बोलून तिने मला सांगितले, "तूच त्याला समजाव. तू मास्तर आहेस."

समजावण्यापूर्वी मी त्या खिडकीची माहिती करून घेतली. तिकडच्या नमुना निवासी बांधकाम-नियमांप्रमाणे निजण्याच्या तळघरात अशी खिडकी लागते. साधारणपणे तिची मोकळी जागा निदान ५.७ चौरस फूट हवी. उंची २४ इंचांहून आणि रुंदी २० इंचांहून कमी नको. तिची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. बाहेरचा खड्डा त्याहून खोल असेल तर त्यात शिडी हवी. गज बसवले तरी ते किल्लीवाचून, हत्यारावाचून आतून उघडता आले पाहिजेत. ह्या मापांमागे आणखी एक हेतू आहे. पाठीवर हवेची टाकी बांधलेला अग्निशामक जवान त्या वाटेने आत येऊ शकला पाहिजे. ती खिडकी जशी बाहेर पडणाऱ्याची, तशीच मदतीला येणाऱ्याचीही.

आता ताईच्या म्हणण्याकडे वळू. जी वस्तू बहुधा कधीच वापरावी लागणार नाही तिच्यावर पैसा घालावा का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गरिबीत संसार केलेल्या बाईला प्रत्येक रुपयाचे काम दिसावे लागते. तथापि ही खिडकी निकामी राहावी हीच तर ती बसवणाराची इच्छा असते. तिचा उपयोग झाला नाही म्हणून ती व्यर्थ ठरत नाही.

दुसरे म्हणणे अधिक अवघड आहे. ताई स्वखुशीने तयार आहे. मग हरकत कोणाची? माझ्या मते, पाहुण्याच्या होकाराने यजमानाची जबाबदारी सरत नाही. त्या तळघरात धूर कसा भरतो, जिनाच पेटला तर काय होते, हे ताईने कुठे पाहिले आहे? न पाहिलेल्या धोक्याला दिलेली संमती ही संमती नसून केवळ माया असते. शिवाय तिच्यानंतर तिथे नातू निजेल, उद्या कोणी भाडेकरू निजेल. त्यांना कोणी विचारले? १ सप्टेंबर २०२१ रोजी इडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये तळघरांतल्या बिऱ्हाडांत ११ माणसे बुडून मेली. हौसेने तळघरात राहणारे थोडे. बहुतेक जण तिथे राहतात ते वरची जागा परवडत नाही म्हणून.

आणि हे केवळ परदेशाचे दुखणे नव्हे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. त्या तळघराला परवानगी सामान ठेवण्याची होती. तिथे अभ्यासिका मांडलेली होती. पेवात माणसे बसवली, एवढेच त्याचे सरळ वर्णन. १९९७ साली दिल्लीच्याच उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे दगावली. तिथे बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली १४६ कामगार मेले, बहुतेक मुलीच. तिथले एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये, म्हणून. ह्या सर्व ठिकाणी कोणी माणसे मारायला निघाला नव्हता. प्रत्येकाने मालाचा हिशेब आधी केला आणि माणसांचा राहून गेला.

वेळ भरण्याविषयी मात्र मी ताईशी भांडणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या मरणाबद्दल असे बोलण्याचा अधिकार आहे. त्यात धीर आहे. परंतु तेच वाक्य घरमालकाने, शाळाचालकाने, कारखानदाराने म्हटले की ती सबब होते. दैवाचे नाव माणसाने स्वतःपुरते घ्यावे. दुसऱ्यासाठी वाट ठेवणे हे आपल्या हातातले काम, ते दैवाकडे सोपवता येत नाही.

भाच्याला मी कळवले, खिडकी कर. ताई चार दिवस बोलली नाही, मग तिने विचारले, "त्या खिडकीतून ऊन तरी येईल का रे?" येईल, असे मी सांगितले.

माझ्या वर्गात बावन्न मुले बसतात. दार एक आहे. खिडक्या चार, आणि चारांनाही भिंतीत पक्के रोवलेले गज आहेत. एका खिडकीचे गज आतून उघडणारे करावेत, असा अर्ज मी दिला. "चोरी झाली तर?" असे मला विचारण्यात आले. वर्गात चोरण्याजोगे काय आहे, ह्याची मी मनाशी यादी केली: एक फळा, एक खुर्ची, एक टेबल, जुने बाक. अर्ज मी पुन्हा लिहिला आहे, आणि ह्या खेपेस त्यात ती यादी जोडली आहे. तिच्याखाली मुलांची संख्याही.