ऐपत आणि नियत

अमेरिकेत सरकारी गुपिते हाताळायची तर सिक्युरिटी क्लिअरन्स नावाचा परवाना लागतो, आणि तो देण्यापूर्वी माणसाची थकलेली देणीही तपासली जातात. गेल्या सात वर्षांत एखादे देणे १२० दिवसांहून अधिक थकले होते का, असे अर्जातच विचारतात. २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांपैकी एक केवळ आर्थिक वागणुकीचा आहे. त्यामागे दोन विचार आहेत. पैशाच्या ओढाताणीत सापडलेला माणूस आमिषाला बळी पडेल, हा एक. ज्याला आपली देणी सांभाळता येत नाहीत त्याच्यात संयम, विवेक किंवा नियम पाळण्याची वृत्ती कमी असेल, हा दुसरा. पहिल्यात धोक्याचा अंदाज आहे, दुसऱ्यात चारित्र्याचा निवाडा. या दोहोंची गल्लत होते, तिथे अन्याय सुरू होतो.

धोका काल्पनिक नाही. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स घटस्फोटाच्या काळात कर्जात बुडाला होता. एप्रिल १९८५ मध्ये त्याने वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीला गुपिते देऊ केली आणि ५०,००० डॉलर मागितले. त्याच्या माहितीमुळे अमेरिकेला मदत करणारे अनेक जण देहदंडाला सामोरे गेले. पण पैसे मिळाल्यावरही एम्स थांबला नाही. पुढे त्याने ५,४०,००० डॉलरचे घर रोखीने घेतले, आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये अटक होईपर्यंत गुपिते विकणे चालूच ठेवले. कर्जाने त्याला त्या दारापर्यंत नेले असेल. नऊ वर्षे आत ठेवले ते लोभाने. क्यूबासाठी हेरगिरी करणाऱ्या आना मोंटेसला तर पैशाचा मोहच नव्हता, तिने ते स्वतःच्या राजकीय मतांपायी केले. तेव्हा कर्ज हे निमित्त होऊ शकते, बेइमानीचा पुरावा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, राज्याला कोणाच्या मनात शिरता येत नाही, त्याने बाह्य खुणांवरच चालावे. हे मला मान्य आहे. असा परवाना हा कोणाचाही हक्क नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: फेडीन म्हणून घेतलेले न फेडणे हा शब्द मोडणेच नाही का? इथे आपल्या भाषेतले दोन शब्द उपयोगी पडतात, ऐपत आणि नियत. ऐपत असून बुडवणारा शब्द मोडतो. आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने ज्याची ऐपतच संपली, त्याच्या हाती मोडायला काही उरलेले नसते. त्या आर्थिक निकषातही अशा आपत्तींना आणि प्रामाणिक परतफेडीच्या प्रयत्नांना जागा ठेवलेली आहे, आणि मला तोच त्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. देणे लपवणे हा मात्र ऐपतीचा नव्हे, नियतच बिघडल्याचा दोष आहे. अर्जात खोटे लिहिणाऱ्याला कर्जाची सबब चालू नये.

म्हणून अधिकाऱ्यांना गरज वाटली तर त्यांनी परवाना जरूर नाकारावा. पण नाकारताना ‘सध्या हा धोका पत्करता येत नाही’ एवढेच लिहावे, आणि औषधपाण्याच्या बिलांखाली दबलेल्या माणसाच्या नावापुढे चारित्र्याचा शेरा मारू नये.