जळालेली चांदी



लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी ‘सॅव्हॉय’ नावाचा एक वाडा होता. १२९३ साली राजाने आपल्या भावाला त्याभोवती तटबंदी करण्याची परवानगी दिली. पुढे लँकेस्टरचा ड्यूक हेन्री याने फ्रान्सच्या युद्धात मिळालेल्या लुटीतून तो नव्याने बांधला. आज त्या वाड्याचा मागमूसही नाही. परक्या शत्रूने तो पाडला नाही. १३ जून १३८१ रोजी राज्यातल्याच गोरगरिबांनी तो जाळला. तो दिवस ख्रिस्तशरीराच्या सणाचा होता.

युद्धाच्या खर्चासाठी चार वर्षांत तिसऱ्यांदा डोईपट्टी बसली होती. पंधरा वर्षांवरील माणसाला सरासरी एक शिलिंग. राजा रिचर्ड अवघा चौदा वर्षांचा, म्हणून लोकांचा राग त्याचे काका जॉन ऑफ गाँट यांच्यावर होता. वाडा तेव्हा त्यांचा होता आणि ते स्वतः दूर स्कॉटलंडच्या सरहद्दीवर होते.

बंडखोरांचा दंडक होता की, कोणी काही लुटायचे नाही. आपण न्यायासाठी आलो आहोत, चोरीसाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका. त्यांनी सोन्याचांदीची भांडी फोडून नदीत फेकली आणि उंची वस्त्रे जाळली. एकाने चांदीचे भांडे लपवले, तर त्याला भांड्यासकट आगीत लोटले, असे त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवले आहे.

हे वाचून आपल्यालाही क्षणभर त्यांचे कौतुक वाटते. किती निर्लोभी माणसे! पण हा न्याय होता का?

संत थॉमस अक्वायनस यांनी त्याआधी शंभर वर्षे शिकवले होते की, जगातली संपत्ती सर्वांच्या गरजेसाठी आहे. आपल्याकडचे जादा ते गरिबाचे देणे होय. जीव जायची वेळ आली असता कोणी दुसऱ्याच्या साठ्यातून गरजेपुरते घेतले, तर ती चोरी ठरत नाही. या कसोटीवर वाड्याचा धनी उतरत नाही. पण जाळणारेही उतरत नाहीत. नदीत फेकलेल्या चांदीने एकाही उपाशी पोराला भाकरी मिळाली नाही. आणि चांदीपेक्षा माणूस मोठा, हे सांगायला आलेल्यांनी चांदीपायीच माणूस मारला! दुसऱ्या दिवशी त्यांनी महागुरुस्वामी सायमन सडबरी यांचा शिरच्छेद केला.

अन्याय पाहून राग येणे हे पाप नव्हे. प्रभू येशूनेही मंदिरात आसूड उगारला. त्या बंडानंतर तसली डोईपट्टी बसवायला पुढे फार काळ कोणी धजले नाही, हेही खरे. पण राग आपले हात स्वच्छ आहेत एवढ्यावरच समाधान मानू लागला, की त्याला समोरचा माणूस दिसेनासा होतो. भावाला मिळू नये म्हणून वडिलार्जित घर पडू देणारे आपणही पाहतो. स्वतः काही घेतले नाही, याचा त्यांना अभिमान असतो!

सॅव्हॉयची जागा बराच काळ ओसाड होती. मग सातव्या हेन्री राजाच्या इच्छेनुसार तिथे गरिबांसाठी शंभर खाटांचे रुग्णालय उभे राहिले. १५१२ साली ते सुरू झाले. त्याचे चॅपेल आजही उभे आहे. त्या जागेवर गरिबाचा हक्क होता, तो जाळपोळीने नव्हे, त्या खाटांनी पुरा झाला.

म्हणून राग आला की, आपण स्वतःला एवढेच विचारू या: हे मोडल्याने पोट कुणाचे भरणार आहे?