भुकेचा दोष कुणाचा?

वरोऱ्याजवळच्या आनंदवनात सुरुवातीला जे कुष्ठरोगी आले, त्यांच्या अंगावर रोगाइतकाच पापाचा शिक्का होता. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ मध्येच दाखवला होता. तरी १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हाही लोक या रोगाला पूर्वजन्मीचे भोगच म्हणत.

आज तसाच शिक्का लठ्ठ माणसावर बसतो. जिभेवर ताबा नाही म्हणे!

पण काहींच्या बाबतीत दोष जिभेचा नसतो. मेंदूच्या तळाशी भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस असतो. क्रॅनिओफॅरिन्जिओमाच्या गाठीने किंवा ती काढताना त्याला इजा झाली, की चरबीतून येणारा लेप्टिनचा निरोप तिथे पोचत नाही. अंगावर चरबी असूनही मेंदू शरीराला उपाशी समजतो, भूक वाढवतो, ऊर्जेचा खर्च आवरतो. पोटभर जेवून उठलेलं मूल पुन्हा डबे उघडू लागतं. ताटात मोजून वाढलं तरी वजन चढू शकतं.

गीतेने युक्ताहार सांगितला, गांधी-विनोबांनी अस्वाद व्रत मानलं. पण पोट भरल्याची खूणच ज्याला मिळत नाही, त्याने संयम कशाच्या आधारे करावा? अशा मुलाला खादाड म्हणणं हा अधर्मच आहे.

इजा मेंदूत आणि सुरी पोटावर, म्हणून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया निरर्थक ठरत नाही. जठराच्या बायपासने आतड्यातली संप्रेरकंही बदलतात, काहींचं वजन उतरतं. मूळ इजा मात्र राहते. अशा अनेकांना संप्रेरकांच्या गोळ्या जन्मभर लागतात, बायपासनंतर त्यांची मात्रा पुन्हा तपासावी लागते. भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या मुलासाठी शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना प्रत्येक तपासणीला मोठं शहर गाठायचं कसं, हेही आधी विचारायला हवं.