मेद आणि दोष

एखाद्यास चोर ठरविण्यापूर्वी आपण साक्षीपुरावा मागतो. परंतु लठ्ठ मनुष्य समोर आला की त्याचे शरीर हाच त्याच्याविरुद्ध पुरेसा पुरावा असे आपण धरून चालतो. तो खादाड असला पाहिजे, आळशी असला पाहिजे, जिभेवर त्याचा ताबा नसला पाहिजे, हे अनुमान इतक्या झटपट होते की ते अनुमान आहे याचीही आपल्यास आठवण राहत नाही. भर पंगतीत त्याच्या पानाकडे पाहून विनोद करण्यास कोणाचीच जीभ अडखळत नाही. हा निवाडा न्याय्य आहे काय?

प्रश्न नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एक अध्याय आहे. त्यात जे आठ प्रकारचे देह निंदित म्हणून गणले आहेत, त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन येतात. परंतु स्थौल्याची कारणे सांगताना चरक अतिभोजन, दिवसा झोप व व्यायामाचा अभाव एवढ्यावरच थांबत नाही. बीजाचा स्वभाव हेही एक कारण तो देतो. मेदाने मार्ग अडल्यामुळे कोंडलेला वायू जठराग्नीस प्रदीप्त करतो व म्हणून स्थूल मनुष्यास अधिक भूक लागते, असेही तो म्हणतो. म्हणजे भूक ही मेदाची जननी तशी कन्याही असू शकते, ही शंका आपल्या पूर्वजांस येऊन गेली होती. निंदा तेवढी आपण उचलली; शंका मात्र पोथीतच राहिली.

त्या शंकेचे उत्तर अगदी अलीकडे मिळाले. चरबी म्हणजे नुसते कोठार, हा समज शास्त्रज्ञांतही दीर्घकाळ होता. १९९४ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदपेशींतून रक्तात उतरणाऱ्या एका संप्रेरकाचा जनुक शोधून काढला. ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या संप्रेरकास लेप्टिन हे नाव पडले. कोठारात शिल्लक किती आहे, ही वर्दी ते मेंदूस देते. वर्दी पोहोचली म्हणजे भूक आवरते. पुढे ॲडिपोनेक्टिन नावाचे दुसरे संप्रेरक सापडले. त्याच्या योगाने यकृत व स्नायू इन्शुलिनची आज्ञा अधिक तत्परतेने मानतात. विशेष हे की मेद वाढला म्हणजे लेप्टिन वाढते, पण ॲडिपोनेक्टिन मात्र घटते. कोठार भरून वाहू लागले की चरबी यकृतात व स्नायूंत शिरते, दाह उत्पन्न करणारे पदार्थ रक्तात येतात आणि इन्शुलिनची हाक हळूहळू कोणी ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड अधिक मोठ्याने हाका मारते, म्हणजे अधिक इन्शुलिन स्रवते. आणि ते थकले की मधुमेह प्रकट होतो. लेप्टिनचीही गत तीच: बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते विपुल असते, परंतु मेंदू त्यास बधिर झालेला असतो.

मेद हा निखळ शत्रू आहे असेही नाही. ज्यांच्या अंगी मेदपेशी जवळजवळ नसतातच, अशा विरळा रोग्यांसही तीव्र मधुमेह होतो, कारण साठविण्यास जागाच नसल्याने चरबी भलत्या ठिकाणी साचते.

नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे एक उदाहरण १९९७ साली केंब्रिज येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत भावंडांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतेच. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. तिची भूक कशानेच शमत नसे. पुढे तिला लेप्टिनची इंजेक्शने देण्यात आली आणि भूक ओसरून वजन उतरू लागले. आता विचार करावा. त्या मुलीस कोणी संयमाचे धडे दिले असतील, कोणी रागे भरले असेल. जो दुर्गुण म्हणून गणला गेला तो एका द्रव्याच्या अभावाबरोबर आला व त्या द्रव्याबरोबर गेला. दुर्गुण असा सुईने उतरत असेल तर तो दुर्गुण होता काय?

असे रोगी जगात फार थोडे, हे खरे. पण आपल्या दाराशी घडलेले उदाहरण याहून व्यापक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांची बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांहून पाऊण किलोहून अधिक हलकी. परंतु ही तूट स्नायूंत व पोटातील अवयवांत जितकी दिसली तितकी त्वचेखालच्या चरबीत दिसली नाही. बालक सडपातळ, तरी आतून मेदयुक्त! पुण्याच्या व लंडनच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पुण्याची बालके इतकी लहान असूनही त्यांचे लेप्टिन लंडनच्या बालकांइतकेच व इन्शुलिन अधिक आढळले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण चरबी एकाची शेकडा ९.१, तर आपल्या डॉक्टरांची २१.२.

हा मजकूर वाचला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि तिचे कारण सांगणे प्राप्त आहे. माझी धाकटी बहीण लहानपणापासून अंगाने भरलेली. मी काटकुळा, आणि हा काटकुळेपणा माझ्या संयमाचे फळ आहे अशी माझी प्रामाणिक समजूत. दिवाळीत ती माहेरी अलिबागेस आली की तिच्या ताटातील दुसऱ्या करंजीवर मी ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग ऐकवीत असे. काही वर्षांनी ती आमच्या पंगतीस बसेनाशी झाली. “तुम्ही बसा दादा, मी वाढते,” असे म्हणे. तिला वाढण्याची हौस आहे, असे मी समजलो. गेल्या वर्षी रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला तो मला. तिची साखर ठीक आहे.

येथे एक आक्षेप येईल. दोष जर संप्रेरकांचा, तर मनुष्य मोकळा सुटला. मग जिभेस लगाम तरी कोणी व का घालावा? हा आक्षेप दोन भिन्न गोष्टी एक समजतो. दोष मागे पाहतो, कर्तव्य पुढे पाहते. घरास आग मी लाविली नसली तरी ती विझविणे माझ्याकडे येतेच. चालण्याने स्नायूंची इन्शुलिनविषयीची तत्परता वाढते, वजन रतिभर न उतरले तरी वाढते. तेव्हा समुद्रकाठी रोज चालणे हे माझे कर्तव्य ठरते. मात्र वाटेत भेटणाऱ्या स्थूल गृहस्थापेक्षा मी श्रेष्ठ आहे, असे त्यातून निष्पन्न होत नाही. त्याची वाट चढणीची असेल, माझी उताराची.

आमच्या गावची चुंबकीय वेधशाळा या बाबतीत चांगला दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची विचलित होतील, हे जाणत्यांनी ओळखले. १९०४ साली अलिबागेस, लोखंड वर्ज्य करून बांधलेल्या इमारतीत नवे वेध सुरू झाले; ट्राम १९०७ साली धावली. सूचीस कोणी चंचल म्हटले नाही. काही करता येणार नाही असेही कोणी म्हटले नाही. ती जेथे स्थिर राहू शकेल अशी जागा तिला दिली. मनुष्य सूची नव्हे, त्यास इच्छा आहे. पण इच्छेसही जागा लागते.

ती जागा देणे एकट्याचे काम नाही. ज्या घरात सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेले सुनेच्या वाट्यास येई, त्या घरातील नातवाच्या मधुमेहाचा हिशोब नातवाच्या जिभेवर किती मांडावा व त्या पंगतीवर किती? मेदाविषयी न्याय करावयाचा तर साक्षीस आजीच्या काळापर्यंत जावे लागेल. आणि इतके दूर गेल्यावर न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याची उमेद बहुधा कोणास राहणार नाही.

या दिवाळीत बहीण आली तेव्हा तिचे पान मी माझ्या शेजारी मांडले. ती प्रथम संकोचली. मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांनी मला न बोलण्याचा अभ्यास करावयाचा होता. ती जेवली.