रात्रपाळीचे ऋण

सकाळच्या मिस्साला निघालो की नाशिकरोडच्या रस्त्यावर समोरून काही माणसे येताना दिसतात. हातात रिकामा डबा आणि डोळे तारवटलेले. आपला दिवस उजाडतो, तेव्हा त्यांची रात्र सुरू व्हायची असते. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यातून येतो, कोणी रुग्णालयातून, कोणी रेल्वेतून. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनंतर आपण पैशांसाठी दिवसा रांगा लावत होतो, तेव्हा येथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये सुट्ट्या बाजूला ठेवून रात्रंदिवस छपाई चालू होती. आपला दिवस कोणाच्या तरी जागरणावर उभा असतो.

अशा माणसाला पुढे मधुमेह जडला की आपण सहज म्हणून जातो, 'जिभेवर ताबा नाही, दुसरे काय!' हा दोष कितपत न्याय्य आहे, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

शरीराला स्वतःचे घड्याळ असते. पेशींमधील या घड्याळाचे रहस्य उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री शरीर झोपेची तयारी करते आणि इन्शुलिनचे काम मंदावते. जी पोळीभाजी दुपारी सहज पचते, तीच मध्यरात्रीनंतर खाल्ली तर रक्तातील साखर अधिक चढते. त्यातच दिवसाच्या उजेडात नि गोंगाटात झोप तुटते, भूक अवेळी लागते आणि वजन वाढत जाते.

अमेरिकेतील पावणेदोन लाखांहून अधिक परिचारिकांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वीस वर्षे वा त्याहून अधिक काळ फिरती रात्रपाळी केलेल्यांना, ती कधीच न केलेल्यांपेक्षा मधुमेहाचा धोका शेकडा ५८ ने अधिक आढळला. वाढलेल्या वजनाचा भाग वजा केल्यावरही तो २४ ने अधिक उरला. २०१४ साली चिनी संशोधकांनी बारा पाहण्या एकत्र तपासल्या. पाळ्यांत काम करणाऱ्या पुरुषांत धोक्याची वाढ शेकडा ३७, तर स्त्रियांत ९ दिसली. याचा अर्थ शंभरांतील सदतीस पुरुषांना मधुमेह होतोच असा नव्हे. इतरांच्या तुलनेत शक्यता तेवढी वाढते, इतकेच.

परंतु स्त्रियांना रात्रपाळी मानवते, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. परिचारिकांचा अनुभव वेगळेच सांगतो. शिवाय बाबा रात्रपाळीहून आले की मुलांना 'हळू बोला' असे बजावले जाते. आई आली तर ती आधी मुलांच्या डब्याला लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना कारखान्यात रात्री काम करण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर ती वाट मोकळी केली. हे योग्यच झाले. पण घरकामाची वाटणी कोणता कायदा करून देणार?

कोणी म्हणेल, रात्रपाळी त्याने राजीखुशीने पत्करली, वर भत्ताही घेतला. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात या युक्तिवादाला उत्तर दिले आहे. गरजेपोटी किंवा अधिक वाइटाच्या भीतीने माणूस जी कठोर अट मान्य करतो, तिला खरी संमती म्हणता येत नाही, आणि आवश्यक विश्रांती करारात विकून टाकता येत नाही, असा त्यांचा आशय आहे. भत्ता त्या रात्रीचा मोबदला असेल. वीस वर्षांनी बिघडणाऱ्या शरीराचा नव्हे.

रात्रपाळी बंद व्हावी, असे आम्ही म्हणत नाही. रुग्ण मध्यरात्री मरणाशी झुंजत असतो, तेव्हा कोणीतरी जागे असावेच लागते. मात्र ज्याच्या जागण्यावर आपण निर्धास्त झोपतो, त्याचे आपण ऋणी आहोत. कारखान्याने आणि रुग्णालयाने वेळोवेळी त्याची रक्ततपासणी करावी, पाळ्या माणुसकीने लावाव्यात. त्यानेही स्वतःला जपावे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, रात्री जागूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची साखर वाढली नाही. रात्री जेवणाऱ्यांची वाढली. तेव्हा मुख्य जेवण पाळीआधी उरकून रात्रीचा डबा हलका ठेवलेला बरा. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

उरलेले काम आपले, म्हणजे कुटुंबाचे आणि धर्मग्रामाचे. झोपायची खोली अंधारी ठेवावी, रेडिओचा आवाज कमी करावा, रात्रपाळीहून आलेल्या आईच्या हातून पोळपाट काढून घ्यावा. आणि शेजाऱ्याचे दार सकाळी दहा वाजता बंद दिसले, तर कडी न वाजवता परत फिरावे. ऋणाचा एवढा हप्ता तर आपल्याला आजच फेडता येईल.