अनुदान : बलुतं की हक्क?

मागच्या महिन्यात विहारात आमच्या कलापथकाची बैठक झाली. बैठक म्हणजे काय, नऊ माणसं, एक सतरंजी आणि पाण्याची कॅन. विषय एकच होता. मंडळाची नोंदणी करून सरकारी अनुदानाचा अर्ज भरायचा की नाही. दोन तास भांडलो. शेवटी ढोलकीवाला मामा उठला अन् म्हणाला, "बाप्पा, गाणं म्हणाले पैशे मागतो आपण, का पैशे मागाले गाणं म्हणतो, हे आधी ठरवा. मंग मले बोलवा." पायात चपला सरकवल्या आणि गेला.

मामा गेला, पण प्रश्न सतरंजीवर ठेवून गेला. तेव्हापासून पाळीवर असताना तोच प्रश्न डोक्यात फिरतो आहे. मी शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर कारंज्याला जिनिंगमध्ये लागलो. जे वाचलं ते वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. माझा हिशोब चुकला असेल तर दोस्तांनी सांगावं, पण आधी तो ऐकून घ्यावा.

आमच्या पथकाला लागतं काय? ढोलकीची पुडी फाटते. पेटीचा भाता गळतो. मंगरूळपीरकडच्या खेड्यात जायचं तर गाडीचं डिझेल. कोरसमधली वहिनी सोयाबीन सोंगायला जाते, ती कार्यक्रमाला आली की तिचा रोज बुडतो. माझी खाडा पडते. हा खर्च कोणाला दिसत नाही. 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला आमची आठवण होते, शाल-नारळ मिळतं. शालीनं पुडी मढवता येत नाही. मधले तीनशे दिवस आम्ही जिवंत आहोत का मेलो, हे कोण विचारतं?

आता सरकार काय देतं ते पाहू. 2025 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारनं 1800 भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी 25 हजार रुपये जाहीर केले. साडेचार कोटी रुपये. वाईट काय त्यात? टाळ मिळाला, मृदंग मिळाला. पण मृदंग वाजवणाऱ्याचं काय? वस्तूला पैसा आहे, माणसाला नाही. वस्तूची पावती होते. तालमीची पावती कोण देणार? मी एका कार्यालयात विचारलं, साहेब, तालमीच्या दिवसाची मजुरी कोणत्या रकान्यात लिहू? साहेब हसले. म्हणाले, "तो तुमचा छंद आहे ना?"

कलावंतांना महिन्याचं मानधन आहे, ते 2024 पासून सरसकट 5 हजार झालं. चांगलं झालं. पण त्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडावी लागते. म्हणजे पंचवीस वर्षांच्या गाणाऱ्यानं आणखी पंचवीस वर्षं उपाशी गावं, अन् गळा बसला की मग मानधन घ्यावं. दिल्लीची एक योजना आहे, ती नाटक-नाचगाण्याच्या संस्थांमधल्या गुरूला आणि शिष्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे देते. माणसाच्या पोटाचा विचार करणारी तीच एक, हे कबूल केलं पाहिजे. पण नाव काय, तर गुरू-शिष्य परंपरा. आमच्याकडे ती परंपरा म्हटली की आधी अंगठा आठवतो.

आमच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीला 2024 च्या 5 ऑक्टोबरला बंजारा विरासतीच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पंतप्रधान आले होते. नंगाऱ्याचा मान झाला, बरं वाटलं. ज्यांची आठवण कोणी लिहून ठेवली नाही त्यांची इमारत उभी राहते ही लहान गोष्ट नाही. पण माझ्या पाळीत एक बंजारा पोऱ्या आहे. त्याची काकू होळीला लेंगी म्हणते, रात्रभर म्हणते, एक ओळ परत येत नाही. ती दिवाळीनंतर ऊस तोडायला जाते. तो मला म्हणाला, "काकूचा फोटो लागंल बी भिंतीवर. काकू कोठं राहील?" मी काय उत्तर देणार.

जिनिंगची गोष्ट सांगतो म्हणजे माझं म्हणणं कळेल. दिवाळीनंतर कापूस येतो, रेचे सुरू होतात, होळीच्या मागंपुढं बंद होतात. बंद काळात कापूस नाही, रुई नाही, गठाण नाही, तरी मालक रेच्याला तेल देतो. पट्टे बदलतो, ग्रीस भरतो, गंज चढू देत नाही. का? त्याला माहीत आहे, बंद काळात जो पैसा टाकला नाही तो सीझनमध्ये दुप्पट जातो. मशीनला विचारत नाही की बाई, या महिन्यात किती गठाणी दिल्या? आम्हा मजुरांना मात्र गेटवर सांगतात, काम लागलं की बोलावू. तोच न्याय सरकार कलापथकाला लावतं. कार्यक्रम करा, फोटो लावा, उपस्थिती दाखवा, पैसे घ्या. कार्यक्रम नसताना तुम्ही नाहीच.

बरं, मामाचा प्रश्न याहून खोल आहे. पैसा कसा येतो यावर गाणं कोणाचं हे ठरतं का?

एका वर्षी आम्ही सरकारी योजनांच्या प्रचाराचं काम घेतलं होतं. दहा गावं, ठरलेली संहिता, ठरलेली गाणी, प्रत्येक प्रयोगाचे पैसे. शेवटच्या गावात पाण्याच्या योजनेचं गाणं म्हटलं. चाल माझीच होती, जमली होती. गाणं संपलं तशी वस्तीतली एक बुढी उठली. "भाऊ, तुह्या गाण्यातलं पाणी कोन्या नळाले येते? आमच्या इकडं तं पाइपच नाई." लोक हसले. आम्ही पण हसलो. पण मला सांगा, त्या क्षणी शाहिरानं काय करायला पाहिजे होतं? तिचं कडवं जोडून तिथंच म्हणायला पाहिजे होतं. आम्ही पुढची मंजूर झालेली ओळ म्हटली आणि गाडीत बसलो. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. त्या दिवशी आम्ही गाणं गायलो नाही, गाणं पोचतं केलं. पैसे मिळाले. ते घेतले. ढोलकीची पुडी त्याच पैशाची आहे. मामा त्याच पुडीवर वाजवतो, म्हणून तो असा बोलला.

ही गोष्ट आजची नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली वाशिमला ताम्रपट सापडले. राजा विंध्यशक्ती दुसरा यानं अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, त्याची ही सनद. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा सगळ्यात जुना कागद कोणता, तर अनुदानाचा आदेश! अन् दुसऱ्या शाखेचा, अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट तर त्याहून बोलका. प्रवरसेन दुसरा एक हजार ब्राह्मणांना गाव देतो, आणि खाली अटी घालतो. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांचं नुकसान करायचं नाही. केलं तर राजा गाव परत घेईल. पंधराशे वर्षं झाली. अर्जाच्या खालची बारीक अक्षरातली कलमं वाचताना मला हाच ताम्रपट आठवतो. ब्राह्मणांनासुद्धा फुकट मिळालं नाही. तोंड गहाण ठेवूनच मिळालं.

मग पैसा आला की तोंड गहाण पडणारच का? मी पण असंच समजत होतो. पण नाशिकच्या लेण्यातला एक लेख वाचला आणि थांबलो. तिथं नहपान राजाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी 3 हजार कार्षापण दिले. दिले कोणाकडे? भिक्षूंच्या हातात नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे 2 हजार, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मूळ रक्कम कोणी मागायची नाही, परत करायची नाही, फक्त व्याज चालू ठेवायचं. 2 हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. दुसऱ्या व्याजातून वरखर्च. मी कागदावर गुणाकार केला. 2 हजारांचं वर्षाचं व्याज 240. वीस जणांना बारा-बारा, 240. पै इकडची तिकडे नाही!

दोस्तहो, याला चालू खर्चाचं अनुदान म्हणतात. आणि कोणत्या काळासाठी? पावसाळ्यासाठी. भिक्षू फिरू शकत नाही, एका जागी बसून आहे, त्या बंद काळासाठी. रेच्याच्या तेलासारखं. किती प्रवचनं झाली, किती लोक आले, कोणी विचारत नाही. पैसा राजाच्या जावयाचा, तो काही संत नव्हता, ब्राह्मणांनाही त्यानं भरभरून दिलं. पण एकदा देऊन तो बाजूला झाला. व्यवहार राहिला विणकर आणि भिक्षू यांच्यामध्ये. कापसाचं काम करणारी माणसं आणि विचाराचं काम करणारी माणसं. मी कापसातला आहे म्हणून मला हे जास्त गोड वाटत असेल, तेही असो.

आता कोणी म्हणेल, वर्षाच्या वर्षाला ठरलेलं मिळणं ही तर बलुतेदारीच झाली. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपल्या घरातला आहे. महारालाही गावानं वर्षाला धान्य दिलंच की. त्या बदल्यात काय घेतलं? रात्री-बेरात्री हाक आली की धावायचं. मेलेलं ढोर ओढायचं. सांगावा घेऊन पळायचं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते काही धान्य कमी पडत होतं एवढ्यासाठीच नाही. त्या तुकड्यापायी सगळं घर चोवीस तास सरकारचं आणि गावाचं बांधील होतं म्हणून. तेव्हा ठरलेलं मिळतं का न ठरलेलं, एवढ्यावर बलुतं ठरत नाही. देणारा कोणत्याही वेळी हाक मारू शकतो का, आणि घेणारा नाही म्हणू शकतो का, यावर ठरतं. प्रचाराचं गाणं घेतलं तेव्हा आम्ही नाही म्हणू शकत होतो का? नव्हतो. तेच खरं बलुतं होतं, जरी त्याला मानधन म्हणत असले तरी.

आपल्याकडे याचं दुसरं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. वाचनालय. 1967 चा ग्रंथालय कायदा आला आणि गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना दरवर्षी परिरक्षण अनुदान मिळायला लागलं. परिरक्षण, म्हणजे चालू ठेवण्याचा खर्च. भाडं, दिवाबत्ती, पेपर, ग्रंथपालाचा पगार. रक्कम लाजिरवाणी. 'ड' वर्गाला कित्येक वर्षं वर्षाला 30 हजार होते, म्हणजे महिन्याला अडीच हजार. 2022 साली 60 टक्के वाढ केली तरी ग्रंथपाल अर्धपोटीच. 2012 साली राज्यभर तपासणी झाली तेव्हा काही ग्रंथालयं नुसती कागदावर निघाली, हेही खरं. चोर सगळीकडे आहेत. पण त्याच वाचनालयाच्या बाकावर बसून मी फुले वाचले, आंबेडकर वाचले, ताम्रपटाची गोष्ट वाचली. मी काय वाचतो म्हणून कोणाचा हप्ता थांबला नाही. कारण तो पैसा कोण्या साहेबाच्या मर्जीनं येत नाही, कायद्यानं येतो. मग पुस्तकाला जो कायदा, तो गाण्याला का नाही? आपल्यातली किती तरी माणसं पुस्तकापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांना बाबासाहेब गाण्यातूनच कळले. वामनदादा कर्डक 2004 साली गेले. त्यांची गाणी शाळा न पाहिलेल्या बायांच्या तोंडपाठ आहेत. हे वाचनालय नाही तर काय?

आणि पैसा कोणाचा? मोबाईलचा रिचार्ज मारला तरी 18 टक्के जीएसटी कापतात. तो कापताना कोणी विचारत नाही, तू दलित का, कलावंत का. मग परत मागताना मान खाली का घालायची?

तरी एक भीती आहे. 'मूकनायक' 1920 साली निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. निघालं. 1923 ला बंद पडलं. पुढे 'बहिष्कृत भारत' काढलं तेव्हा बाबासाहेबांना स्वतःच्या हातानं रकानेच्या रकाने लिहावे लागले, वर्गणीसाठी लोकांपुढे शब्द टाकावा लागला, तरी 1929 मध्ये तेही थांबलं. सुरू करून देणारा राजा भेटतो. चालू ठेवणारी माणसं आपल्यालाच गोळा करावी लागतात. हे पानं ज्या कागदावर तुमच्या हातात आली त्याची वर्गणी तुम्ही दिली का, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. अनुदान मिळालं की लोक म्हणतील, आता सरकार देते नं, आमचा रुपया कायले? तो रुपया तुटला की बुढीच्या नळाचं कडवं जोडायची आमची हिंमत पण तुटेल.

म्हणून माझं मत असं झालं आहे. अर्ज करावा, पण प्रयोगाच्या संख्येवर नाही, वर्षाच्या खर्चावर करावा. रकाना नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून जोडावा, नाकारला तर नाकारल्याचं लेखी मागावं. प्रचाराचं काम आलं तर संहिता आधी वस्तीत वाचून दाखवावी आणि मग हो म्हणावं. वर्गणीचा डबा बंद करू नये, निम्मा खर्च तरी डब्यातूनच निघाला पाहिजे, म्हणजे सरकारी हप्ता नाही आला तर आम्ही मरणार नाही. निम्माच का? याला माझ्याकडे शास्त्र नाही. एका पायावर उभं राहता आलं पाहिजे, एवढंच.

वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "डब्याचं ठीक हाय, पन माह्या रोजाचं पयले लिवा." लिहिलं आहे. पहिलाच खर्च तो आहे.

नोंदणीला सात माणसं लागतात. पाच सह्या झाल्या. संस्थेचा उद्देश हा रकाना अजून कोरा आहे, येत्या पौर्णिमेला विहारात बसून भरायचा ठरलं आहे. मामाच्या घरी निरोप देऊन आलो. तो अंगणात पुडीला शाई लावत होता. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. म्हणाला, बुढीच्या नळाचं कडवं लिवून आण, मंग पाहू. ते अजून लिहून झालं नाही.